डाव्या जबड्याचे सोवळे

१३ जानेवारी

आज दंतवैद्याकडे अक्कलदाढ दाखवावयास गेलो आणि तिच्या शेजारी वास्तव्यास असलेल्या एका अनाहूत गाठीचा परिचय करून घेऊन परतलो. भावी चरित्रकारांच्या सोयीसाठी नोंदवितो : मी बाळ लवाटे, वय वर्षे चोपन्न, महाविद्यालयात संस्कृतचा प्राध्यापक, बिबवेवाडीचा रहिवासी. वाणी खणखणीत. ही शेवटची बाब मी नव्हे, शेजारी सांगतात, आणि तक्रारीच्या स्वरात सांगतात.

गाठ कर्करोगाची नव्हे. सौम्य आहे, परंतु तिचा स्वभाव जुन्या भाडेकरूचा. जागा सोडीत नाही आणि शेजारची खोली बळकावते. तिला घालवायची तर भिंतीसकट काढावी लागते. म्हणजे जबड्याच्या डाव्या बाजूचे बोटभर लांबीचे हाड, वर चार दात.

हेमाला सांगितले. हेमा माझी पत्नी. बँकेत अधिकारी आहे. आमच्या घरात बोलणे माझ्याकडे आणि निर्णय तिच्याकडे अशी पूर्वापार वाटणी आहे. सव्वीस वर्षांत तिने माझ्याशी एकदाही वाद घातलेला नाही. ती म्हणाली, "काढून टाकू." जणू पडदे बदलायचे होते.

१७ जानेवारी

शल्यचिकित्सकांनी दोन मार्ग सांगितले. पहिला प्रस्थापित : पायाच्या नडगीलगतचे हाड कापून जबड्यात बसवायचे. मोठी शस्त्रक्रिया, एकाऐवजी दोन जखमा. दुसरा अजून प्रयोगावस्थेत : माझ्याच कमरेतील मूलपेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, जबड्याच्या रिकाम्या जागी नवे हाड उगवायचे.

"उगवायचे?" मी विचारले.

"उगवायचं," ते म्हणाले.

चोपन्नाव्या वर्षी आपल्या ठायी काही उगवू शकते, ही वार्ताच मला मोहक वाटली. डोक्यावरच्या अनुभवानंतर मी ती आशा सोडली होती.

२२ जानेवारी

वाघोलीच्या संशोधन संस्थेत डॉ. सुनीती पायगुडे यांची भेट. चाळिशीच्या आतबाहेर, थेट बोलणाऱ्या. संस्थेच्या वाहनतळाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथे माझ्या आजोबांची ज्वारी असायची. आता मी हाडं पेरते."

त्यांनी काहीही लपविले नाही. प्रयोगात सामील झालेला मी तिसरा रुग्ण. आधीच्या दोघांचे हाड आले आहे. माझे येईलच, असे नाही. न आल्यास सप्टेंबरपर्यंत वाट पाहून पायाचे हाड बसवावे लागेल. पोकळीच्या नेमक्या आकाराचा, सच्छिद्र, खनिजाचा एक ठोकळा त्या छापून घेणार. पेशी त्यावर चढतील, हाड बांधतील, आणि ठोकळा हळूहळू विरून जाईल. इमारत बांधताना परांची बांधतात, तशी ही परांची. फरक एवढाच की ही स्वतःहून उतरते. आमच्या संकुलाची परांची उतरवायला रामदासांना, म्हणजे आमच्या चिटणीसांना, दोन पावसाळे लागले.

सही केली. कमरेत सुई घातली. त्याविषयी अधिक लिहिण्याइतका मी शूर नाही.

११ फेब्रुवारी

आज मी मला पाहिले.

विनोद करण्याची इच्छा असूनही हे वाक्य असेच राहू देतो. डॉ. सुनीतींनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, सुताच्या चातीसारख्या शेकडो आकृती एकाच प्रवाहात पोहत असाव्यात तशा पसरलेल्या. मी बिबवेवाडीत चहा पीत होतो, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर चरफडत होतो, आणि इकडे वाघोलीत एका उबदार कपाटात, माझ्यावाचून, मी वाढत होतो.

त्यांनी एक चित्रफीतही दाखविली. एक पेशी थबकली. पाय आवरून गोल झाली, चकाकली आणि पाहता पाहता दोन झाली. दोघी किंचित थरथरल्या आणि आपापल्या वाटेने निघून गेल्या. मी ती फीत पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा.

"सर, ह्यांचं अजून ठरलेलं नाही काय व्हायचं ते," डॉ. सुनीती म्हणाल्या. "हाड, कूर्चा, चरबी, काहीही."

"माझ्या पेशींनी चरबीचा पर्याय पूर्वीच बहुमताने स्वीकारलेला दिसतो."

"म्हणूनच ह्या निवडून काढल्या, सर."

"आणि ठरवतात कशा?"

"जमीन चाचपतात. पायाखाली मऊ लागलं तर एक, कडक लागलं तर दुसरं. आम्ही रसायनं देतो, पण त्या हातानं बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत."

ज्याला हात नाही, डोळा नाही, मेंदू नाही, असा एक बिंदू जमीन चाचपतो आणि आयुष्याचा निर्णय घेतो. मी अठ्ठावीस वर्षे 'चैतन्य' हा शब्द वर्गात समजावून सांगत आलो. आज वाटले, शब्द मला पाठ होता.

२७ फेब्रुवारी

शस्त्रक्रिया झाली. गाठ गेली, हाड गेले, चार दात सहगमन करते झाले. रिकाम्या जागी धातूची पट्टी, तिच्या कुशीत परांची, परांचीवर मी. दोन्ही जबडे तारेने बांधले आहेत. संवाद पाटीवर. मुलगी अवनी म्हणाली, "बाबा, फर्स्ट टाइम घरात टीव्ही ऐकू येतोय." पाटीवर उत्तर लिहीपर्यंत ती खोलीतून गेली होती. विनोदाला वेग लागतो, हे आज कळले.

१९ मार्च

तारा काढल्या. सर्वांसमक्ष मी पहिला शब्द उच्चारला : पाणी.

शस्त्रक्रियेत ओठाची नस गेल्यामुळे खालचा ओठ डावीकडे बधिर आहे. शब्द बाहेर आला तो ओल्या कापडातून गाळल्यासारखा. हेमाने पाणी दिले. अवनीने मोबाईलमध्ये पाहिले. माझ्या साध्या शिंकेलाही हसणारी ही मुलगी. आज ती हसली नाही.

२४ मार्च

मौन धारण केले आहे. कारण निव्वळ वैज्ञानिक आहे, हे येथे नमूद करतो. आत नवनिर्माण चालू असता मालकाने बडबड करून हादरे देणे अशोभनीय. गर्भगृहात मूर्ती घडत असताना बाहेर ढोल वाजवू नयेत. डॉ. सुनीतींनी व्यायाम दिले आहेत, बोलत राहायला सांगितले आहे, हळूहळू चावायलाही. परंतु त्या विनयशील आहेत. आपल्याच निर्मितीची नाजूकता त्यांना उमगली नसावी. मी सोवळे पाळीन. डाव्या जबड्याला कोणी शिवायचे नाही, मीसुद्धा नाही.

कारण निव्वळ वैज्ञानिक आहे. दुसऱ्यांदा नमूद करतो.

६ मे

पहिली तपासणी. पोकळीत धुक्यासारखे काहीतरी दिसते. डॉ. सुनीती म्हणाल्या, "सुरुवात आहे. चावताय ना?" मी मान डोलावली. मान डोलावणे ही संदिग्ध क्रिया आहे.

घरी आल्यावर पेज घेतली. मग मऊ भात मिक्सरमधून. मग आंब्याचा रस. फोडणी तडतडली तरी माझा हात आपोआप गालावर जातो. आत कोणी झोपले आहे, असे वाटते. महाविद्यालयातून सहकाऱ्यांचे दूरध्वनी येतात, हेमा घेते. पुन्हा कधी रुजू होणार, विचारतात. मी पाटीवर लिहितो : सांग, प्रकृतीला जपतो आहे.

रस्त्यावरून जाताना कोणी हाक मारली तर मी हल्ली दुसरीकडे वळतो. हे का, ते लिहिण्याची आज घाई नाही.

१८ जून

आजचा दिवस क्रमाने लिहावा लागेल, कारण माझे मन क्रमाने चालत नाही.

दुसरी तपासणी. धुके होते तेवढेच. काडीमात्र वाढ नाही. डॉ. सुनीतींनी मे आणि जून शेजारी शेजारी लावले आणि दोन्हींवरून बोट फिरविले. मग म्हणाल्या, "सर, खरं सांगा. तुम्ही चावत नाही."

मी पाटीवर लिहिले : पेशींस विश्रांती.

"बोलतही नाहीत," हेमा म्हणाली. "मार्चपासून."

डॉ. सुनीती उठल्या आणि दोन तबकड्या घेऊन आल्या. "दोन्हींत पेशी एकाच माणसाच्या. अन्न तेच, ऊब तीच. ही नुसती ठेवून दिली. ह्या दुसरीचा तळ रबराचा आहे. यंत्र तो दिवसभर थोडा ताणतं, सोडतं, ताणतं, सोडतं. मग आम्ही रंग घालतो. जिथे हाडाचं खनिज जमलं असेल तिथे तो लाल होतो."

पहिली तबकडी फिकट होती, गुलाबपाणी सांडून वाळावे तशी. दुसरी लाल. कुंकवाचा करंडा पालथा व्हावा इतकी लाल, आणि त्या लालीत दाणे, पुंजके, डोंगररांगा.

पाटीवर लिहिले : कोणाच्या पेशी?

"तुमच्याच, सर. उरलेल्या."

मी दोन्ही तबकड्या हातात धरल्या. उजव्या हातात कामाला लावलेला मी. डाव्या हातात जपून ठेवलेला मी.

"पट्टी आम्ही मुद्दाम किंचित लवचिक बसवलीय," त्या म्हणाल्या. "जबडा म्हणजे कमान. उजवीकडे चावलंत तरी ओढ डावीकडे पोचते. पेशींना ती ओढ कळते, आणि जिथे ओढ तिथे त्या हाड टाकतात. ओढच नसेल तर त्यांना वाटतं, इथे कुणाला हाड नकोय. तुम्ही त्यांना देव्हाऱ्यात बसवलंत. त्या मजूर आहेत, सर."

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मुदत आहे. तोपर्यंत पोकळी सांधली नाही तर पट्टी थकेल, तडकेल. मग परांचीसकट सारे काढून पायाचे हाड. आणि माझ्या वाट्याला हे पुन्हा येणार नाही.

नंतर मला आणखी एका छायाचित्रासाठी आत नेले. परतलो तेव्हा हेमा आणि डॉ. सुनीती डोके जोडून बोलत होत्या. मला पाहताच दोघी गप्प झाल्या. बहुधा माझ्या धैर्याविषयी बोलत असाव्यात.

२१ जून

प्रयत्न केला. आरशासमोर उभे राहून दहा वाक्ये म्हणायची ठरविली. दुसऱ्या वाक्याला थांबलो. तो आवाज ज्या मनुष्याचा आहे त्याच्याशी माझा परिचय नाही, आणि वाढवावासा वाटत नाही.

तबकड्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ज्ञान झाले, पण आचरण वाघोलीहून निघालेले दिसत नाही. बहुधा नगर रस्त्याच्या कोंडीत अडकले असावे.

२४ जून

हेमाने आमटीतून गूळ बंद केला. पाटीवर निषेध नोंदवावा म्हणून पाटी शोधली, मिळेना. नाइलाजाने तोंडाने विचारले, "पाटी?"

"फुटली."

"कशी?"

"पाटीच ती. फुटते."

"आणि गूळ?"

"आमटीत गूळ कशाला? आमटी ती, बासुंदी नव्हे. माहेरी आम्ही कधी घालत नव्हतो."

ही ऐतिहासिक असत्योक्ती होती. तिच्या माहेरच्या आमटीत चमचा उभा राहतो इतका गूळ असतो. मी तसे सांगितले. ती नाही म्हणाली. मी पुरावे दिले. ती म्हणाली, तुमची स्मरणशक्ती गेली. हा वाद भांडी घासून होईपर्यंत चालला. सव्वीस वर्षांत प्रथमच. वयाचा परिणाम असावा. तिच्या.

३० जून

मिक्सर बिघडला. आता वरण-भात, मऊ पोळी, उसळ. या घरातील वस्तूंचा मृत्युदर चिंताजनक आहे.

३ जुलै

हेमाने जाहीर केले की माझे कोश रद्दीत देणार. "सगळं मोबाईलवर असतं आता. नुसती धूळ." मी काय बोललो ते आठवत नाही, एवढे खरे की खालच्या मजल्यावरून रामदास वर आले. "सर, सगळं ठीक?" मी त्यांनाही प्रकरण प्रथमपासून ऐकविले. ते मान हलवीत म्हणाले, "पण सर, वहिनींचं चूक नाही." मग मला पुन्हा प्रथमपासून सांगावे लागले.

रात्री जबडा दुखला. दुखण्यात एक विलक्षण गोष्ट जाणवली : ते दुखणे माझे होते. गेले कित्येक महिने तिकडून काहीच येत नव्हते.

११ जुलै

रामदास आता रोज संध्याकाळी येतात. सद्गृहस्थ आहेत, परंतु त्यांची सर्व मते चुकीची आहेत, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. आज म्हणाले, "मिसळ कोल्हापूरचीच. पुण्याची ती म्हणजे पोह्यांवर ओतलेली सहानुभूती."

पुण्यात राहून, पुण्याचे पाणी पिऊन! मी त्यांना बराच वेळ धारेवर धरले. मध्ये फुटाण्यांची वाटी होती. वाद संपल्यावर पाहतो तो वाटी रिकामी. पुन्हा पाहतो तो भरलेली. रामदास तर एकही खात नव्हते, त्यांना दाताचा त्रास आहे म्हणे.

त्यांना पोचवायला खाली गेलो. त्यांच्याकडे अगदी आमच्यासारखाच मिक्सर आहे. झाकणावरचा तडासुद्धा तसाच. एकाच कारखान्यातले असावेत.

२० जुलै

अवनी म्हणाली, "फ्रँकली सांगू बाबा? संस्कृतमध्ये स्कोप नाहीये."

मी तिला स्कोप समजावून सांगितला. ती हातातल्या मोबाईलवरच्या पळत्या आकड्यांकडे पाहत होती. माझे संपल्यावर स्वयंपाकघरात ओरडून म्हणाली, "आई, बावीस!"

"काय बावीस?" मी विचारले.

"टेम्परेचर."

मुलीची हवामानविषयक जिज्ञासा स्तुत्य आहे.

२ ऑगस्ट

गृहस्थिती बिकट होत चालली आहे. काहीही म्हणालो की हेमाचे उत्तर उलटे. मी म्हणतो उकडते. ती म्हणते गारठा आहे. मी म्हणतो भाकरी कडक झाली. ती म्हणते कडकच असते. ताटात रोज ज्वारीची भाकरी येते, आणि भांडताना मी ती खाऊन बसतो.

दूरध्वनीवर डॉ. सुनीतींना गुप्तपणे विचारले : गृहकलहाचा पेशींवर अनिष्ट परिणाम संभवतो काय? पलीकडे बराच वेळ खोकला ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "नाही सर. चालू द्या."

१९ ऑगस्ट

महाविद्यालयात रुजू झालो. घरापेक्षा तेथे शांतता असेल, हा हेतू. पहिल्या तासाला तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, शेवटचं वाक्य कळलं नाही." मी पुन्हा म्हणालो. तिला कळले, ती लिहू लागली. एवढेच घडले. पाच महिने ज्या क्षणाला मी घाबरत होतो, त्याची लांबी एका वाक्याएवढी निघाली.

उच्चार अजून ओलसर आहेत. ओठ बधिर तो बधिरच, आणि तो तसाच राहील असे सांगतात. परंतु वर्ग लिहून घेत होता.

९ सप्टेंबर

तपासणी आठ दिवसांवर. पाय उघडा करून नडगीकडे पाहिले. कापायचे तर कोठे कापतील, याचा अंदाज घेतला. ज्या हाडावर मी चोपन्न वर्षे उभा आहे त्याची आजवर एकदाही विचारपूस केली नाही.

हेमाने पाहिले. भांडली नाही. शेजारी बसून राहिली. मग अचानक म्हणाली, "गणपतीत ह्यावेळी मोदक तुम्हाला चांगले वळता आले नाहीत." मोदक हेमानेच वळले होते. मी ते निदर्शनास आणून दिले. तिने मान्य केले नाही. बराच वेळ.

१७ सप्टेंबर

सावकाश लिहितो.

डॉ. सुनीतींनी आधी जूनचे चित्र लावले. काळी पोकळी, तिच्यात धुके. मग आजचे.

या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरे.

 त्यांनी चित्र मोठे केले, आणखी मोठे केले. पांढऱ्यात रेषा दिसू लागल्या. बारीक, वाकलेल्या, एकमेकींना छेदून जाणाऱ्या. दोन्हीकडच्या जुन्या हाडातून निघून मधोमध भेटणाऱ्या. कोणी आधी रेखाटून मग भरल्यासारख्या.

"इतक्या लवकर मी ठामपणे म्हणणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण बघा. हाड कुठेही टाकलेलं नाहीये. जिथून ओढ गेली त्या वाटेवर टाकलंय. हे तुमचं चावणं आहे, सर. आणि बोलणं."

मी पाहत राहिलो. माझे शब्द हवेत विरतात, अशी माझी समजूत होती. विद्यार्थ्यांच्या वह्यांकडे पाहून ती दृढ झाली होती. आणि येथे, आत, अंधारात, डोळे नसलेले काही जीव माझा शब्द न् शब्द ओढ म्हणून चाचपीत होते आणि त्यावर खनिजाचा एकेक कण ठेवीत होते. मिसळीच्या वादावर एक कण. कोशांवर एक. गुळावर तर संबंध तुळई असावी. त्यांना मी काय म्हणतो ते ठाऊक नव्हते. मी कसा उच्चारतो याची त्यांना पर्वा नव्हती. मी म्हणतो आहे, एवढे त्यांना पुरे होते.

"पायाचं हाड?" मी विचारले.

"राहू द्या पायातच."

नमस्कार करावा असे वाटले, पण कोणाला, ते ठरेना. चित्राला केला. डॉ. सुनीती हसल्या नाहीत. हेमाकडे वळून म्हणाल्या, "ताई, जमवलंत हं तुम्ही." कशाबद्दल ते कळले नाही. वाघोलीपर्यंत गाडी हेमाने चालविली होती. नगर रस्ता पाहता ते कौतुक योग्यच होते.  हेमा खिडकीकडे तोंड करून पर्समध्ये किल्ली शोधू लागली. किल्ली तिच्या हातातच होती.

रात्री जेवताना मी म्हणालो, उकडते आहे. हेमा म्हणाली, "हो, फारच."

मी म्हणालो, रामदासांना मिसळीतले काही कळत नाही. "अजिबात नाही," ती म्हणाली.

मला शंका आली. पारखून पाहावे म्हणून म्हणालो की तिच्या माहेरची माणसे थोडी हट्टी आहेत. तिने माझ्या ताटात भाकरी वाढली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." डोळे लाल दिसत होते.

अवनीला बाजूला घेऊन विचारले, आईला बरे नाही काय? ती मला मिठी मारून निघून गेली. हे उत्तर नव्हे.

तीन महिने अखंड भांडणारी बाई एका संध्याकाळीत इतकी निस्त्राण व्हावी, हे लक्षण चांगले नाही. उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घेतो. ती नको म्हणेल. परंतु या खेपेस मी तिचे ऐकणार नाही.